डावी बाजू, दोन बोटं सैल

ग्रंथालयाच्या तळघरात दर मंगळवारी
जुने टोळीवाल्यांचे सिनेमे, फुकट,
वर कॉफी आणि खसखशीचा केक.
गेनोवेफा म्हणाली, चल,
नाहीतरी घरात काय अंडी उबवत बसणार आहेस.

वय एकाहत्तर, आणि मी एकही पाहिलेला नाही.
बाबांची सक्त मनाई होती,
असलं बघून डोळे बिघडतात म्हणायचे.
शिंपी होते ते.
डोळ्यांच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा.

सालेह यंत्र लावतो. येमेनी पोरगा,
आम्हा पोलिश म्हाताऱ्यांच्या खुर्च्या पुसून देतो.
वर हॅमट्रॅमॅकचा फेब्रुवारी,
पायऱ्यांवर मीठ टाकलेलं,
खाली काळापांढरा पाऊस सुरू झाला पडद्यावर
आणि पायदानाच्या लांब मोटारी.

माणसं पटापट मरतात.
टोप्या मात्र कुणाच्या पडत नाहीत.
गेनोवेफा पहिल्या दोन खुनांतच घोरायला लागली.
गोष्टीकडे माझंही लक्ष नव्हतं, खरं सांगते.
मी बघत होते कॉलर,
बाही खांद्यात कशी बसवलीय,
काज हाताचे की मशीनचे.

मग त्या देखण्यानं, लग्नाच्या पंगतीत,
उजवा हात कोटात घातला, डाव्या काखेत,
आणि काढलं ते.
सगळं तळघर दचकलं.
मी दचकले ती वेगळ्या कारणानं:
एवढं वजन आत, आणि इतका वेळ
कापडावर एक सुरकुती नाही!
असं आपोआप होत नाही.
कोणीतरी मापं घेताना विचारून घेतलेलं असतं.

जोसेफ कँपो रस्त्यावरचं आमचं दुकान.
मिस्टर द्रोझ्द हात पसरून उभे, बुजगावण्यासारखे,
मी सात वर्षांची, टाचण्यांची डबी धरून.
बाबा खडूनं रेघ मारत पुटपुटायचे,
डावी बाजू, दोन बोटं सैल.
डावीच का, बाबा?
'हृदय तिकडे असतं ना, बाळ.
काही लोकांचं जरा मोठं असतं.'

मिस्टर द्रोझ्द इतके हसले
की टाचणी टोचली त्यांना.
भर थंडीत मला एक संत्रं दिलं, अख्खं.
चौसष्ट वर्षं मी त्या माणसाला
मोठ्या मनाचा समजत आले.

आणि तो राखी कोट,
रात्री मागच्या दारानं परत आलेला.
छातीपाशी भोक, करंगळी जाईल एवढं,
कडा जळक्या.
कसर लागलीय, बाबा म्हणाले.
मी दिवा धरून उभी,
ते एकेक धागा आतल्या शिलाईतून काढून
रफू करत होते पहाटेपर्यंत.
सकाळी भोक सापडेना.
मी टाळ्या वाजवल्या.
त्यांनी हात धुतले,
मग पुन्हा धुतले.

आई कधी काही बोलली नाही.
प्रार्थनेला बाबा शेवटच्या खांबापाशी उभे राहायचे,
प्रसादाच्या रांगेत कधीच नाही.
गुडघे दुखतात, म्हणायचे.
गुडघ्यांना मी किती वर्षं तेल लावून दिलं.

पडद्यावर देखणा पायऱ्यांवर कोसळला,
बाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं,
व्हायोलिनं रडली.
मला एवढंच दिसत होतं की
हा कोट आता कोणाकडे तरी जाणार,
आणि तिथे एखादी पोर जागी असणार.

दिवे लागले. गेनोवेफानं डोळे चोळले.
कोण मेलं गं शेवटी?
सगळे, मी म्हटलं.
आणि शिंपी?
ती म्हणाली, कुठला शिंपी? शिंपी होता का यात?

सालेह खुर्च्या एकावर एक रचत होता.
आवडला का, आजी?
शिलाई उत्तम होती, मी म्हटलं.
त्याला वाटलं, मला नीट ऐकू आलं नाही.
पुढच्या मंगळवारी याल?

येईन.
पण खुर्ची पुढची ठेव, पडद्याजवळची.
मागून कोट नीट दिसत नाहीत.